शंभराच्या बाहेरचे ब्राझीलियन

सप्टेंबर २०१० मध्ये चेन्नईत भारत आणि ब्राझील यांच्यात डेव्हिस करंडकाची लढत झाली. पहिल्या दिवशीच्या दोन्ही एकेरी हरून भारत ०-२ असा मागे पडला होता. पेस-भूपतींनी दुहेरी जिंकली, मग चेन्नईच्या उकाड्यात थोमाझ बेलुचीने सोमदेव देववर्मनविरुद्धचा सामना अर्ध्यावर सोडला आणि शेवटच्या सामन्यात रोहन बोपण्णाने सरळ तीन सेटमध्ये बाजी मारून भारताला जागतिक गटात टिकवलं. आपल्याकडचे टेनिसवेडे अजून त्या रविवारच्या गोष्टी सांगतात. त्या दिवशी बोपण्णासमोर कोण होतं, असं विचारलं तर मात्र बहुतेकांना नाव आठवत नाही.

त्याचं नाव रिकार्दो मेलो. साओ पाउलो राज्यातल्या कांपिनासचा हा डावखुरा खेळाडू. २००४ मध्ये त्याने अमेरिकेत डेलरे बीचची एटीपी स्पर्धा जिंकली, २००५ मध्ये जागतिक क्रमवारीत पन्नासावा आला आणि त्यानंतरची वर्षं शंभराच्या आतबाहेर करत, बहुतांशी मुख्य टूरच्या खालच्या चॅलेंजर स्पर्धांमध्ये खेळत काढली. जगात पन्नासावा येणं म्हणजे काय हे वकिली, डॉक्टरकी किंवा गवयाच्या बाबतीत आपल्याला लगेच कळतं. टेनिसमध्ये मात्र त्याला ‘मधल्या फळीतला’ म्हणून सोडून देतात, आणि दोनशेव्या क्रमांकावरच्या माणसाला तर कुणी तेवढंही म्हणत नाही.

या दुसऱ्या-तिसऱ्या फळीतल्या ब्राझीलियन खेळाडूंचं आयुष्य कसं असतं, ते कशावर चालतं आणि कशामुळे संपतं, हा या लेखाचा विषय. ब्राझीलच निवडण्याचं कारण असं की, हा देश टेनिसमध्ये गरीबही नाही आणि श्रीमंतही नाही. तिथे थोर खेळाडू झाले, प्रेक्षक आहेत, मोठी स्पर्धा आहे. तरीही शंभराच्या आसपासच्या खेळाडूला तिथून कारकीर्द उभी करणं फार अवघड गेलेलं आहे.

थोरांची नोंद थोडक्यात करायला हवी. साओ पाउलोच्या मारिया एस्थर बुएनोने १९५९, १९६० आणि १९६४ मध्ये विम्बल्डन आणि चार वेळा अमेरिकन अजिंक्यपद जिंकलं. दुहेरी धरून तिची ग्रँड स्लॅम विजेतेपदं १९. मग जवळजवळ तीन दशकांनी फ्लोरिआनोपोलिसचा गुस्तावो कुएर्तेन आला. देशभर त्याला ‘गुगा’ म्हणतात. १९९७ ची फ्रेंच ओपन त्याने जिंकली तेव्हा तो जगात ६६ वा होता आणि त्याआधी त्याने एकही एटीपी स्पर्धा जिंकलेली नव्हती. वाटेत थॉमस मुस्टर आणि येवगेनी काफेलनिकोव्ह यांना हरवून अंतिम फेरीत त्याने सर्गी ब्रुगेराला नमवलं. २००० आणि २००१ मध्ये पुन्हा पॅरिस जिंकलं. २००० चं वर्ष त्याने जगात पहिला म्हणून संपवलं.

गुगाच्या कथेतला एक तपशील मला बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. पॅरिसला जाण्याआधी काही दिवस त्याने ब्राझीलमध्येच, कुरितिबात, एक चॅलेंजर स्पर्धा जिंकली होती. घरची माती, घरचा प्रेक्षक, विमानाचा खर्च नाही, आणि हातात एक करंडक. पुढे देशाने गुगाचे केस, त्याचं हसू आणि पॅरिसच्या मातीवर रॅकेटने काढलेलं बदाम लक्षात ठेवलं; कुरितिबातला तो आठवडा विसरला गेला. त्यानंतर वीसेक वर्षं ब्राझीलमधल्या प्रत्येक होतकरू पोराकडे ‘पुढचा गुगा’ म्हणून बघितलं गेलं आणि तो तसा निघाला नाही की त्याचं नाव बाजूला पडलं.

आता शिडीची रचना बघू. अगदी खाली आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या एम-१५ आणि एम-२५ स्पर्धा. एम-१५ मध्ये एकूण बक्षीस १५,००० डॉलर. विजेत्याला त्यातले २,१६० डॉलर मिळतात. मुख्य फेरीत पहिल्याच सामन्यात हरणाऱ्याला १५६. पात्रता फेरीत हरलात तर काहीच नाही. त्यावर एटीपीच्या चॅलेंजर स्पर्धा. ५० पासून १७५ पर्यंत त्यांचे दर्जे आहेत, आणि तो आकडा म्हणजे विजेत्याला मिळणारे गुण. त्यावर खरी टूर, आणि सगळ्यांच्या वर ग्रँड स्लॅम. २०२४ च्या यूएस ओपनमध्ये मुख्य फेरीत पहिल्याच सामन्यात हरणाऱ्यालाही एक लाख डॉलर मिळत होते. एम-१५ ची स्पर्धा जिंकून एवढे पैसे जमवायचे तर ती चाळीसहून अधिक वेळा जिंकावी लागेल.

म्हणून शंभराचा आकडा इतका मोलाचा. साधारण १०४ खेळाडूंना ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत थेट प्रवेश मिळतो. त्याच्या आत असाल तर वर्षातून चार वेळा एक ठोस रक्कम हमखास मिळते, त्यावर प्रशिक्षक आणि फिजिओ ठेवता येतो. बाहेर असाल तर पात्रता फेरीचे तीन सामने जिंका. अडीचशेच्या पलीकडे गेलात तर तीही दारं बंद. आणि मिळवलेले गुण बरोबर ५२ आठवड्यांनी गळून पडतात. गेल्या वर्षी याच आठवड्यात जिंकलं होतं म्हणून या वर्षीही जिंकावंच लागतं. पाय मुरगळला, आजारपण आलं, तरी कॅलेंडर थांबत नाही.

महासंघाच्या स्वतःच्याच पाहणीत असं आढळलं की, २०१३ मध्ये पुरुषांत साधारण ३३६ व्या आणि स्त्रियांत २५३ व्या क्रमांकापर्यंतचे खेळाडू प्रशिक्षकाचा खर्च न धरता कसेबसे हातातोंडाची गाठ घालत होते. व्यावसायिक स्पर्धांत उतरणाऱ्या सुमारे चौदा हजार खेळाडूंपैकी जवळपास निम्म्यांना एका डॉलरचंही बक्षीस मिळत नव्हतं. आपल्या सुमित नागलने २०२३ मध्ये उघड सांगितलं होतं की, वर्षभराचा खर्च भागवून त्याच्या खात्यात जेमतेम नऊशे युरो उरले आहेत. तेव्हा तो भारताचा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू होता. त्याच्या जागी एखादा ब्राझीलियन असता तर त्यानेही हेच सांगितलं असतं.

ब्राझीलियन खेळाडूवर यात दोन जास्तीचे भार पडतात. पहिला भूगोलाचा. युरोपातला दोनशेवा खेळाडू रेल्वेने, कधी मित्राच्या गाडीने, एका स्पर्धेहून दुसरीकडे जातो. हरला तर रात्री घरी झोपतो. साओ पाउलोहून युरोप अकरा-बारा तासांवर. एकदा निघालं की दोन-तीन महिने परत यायचं नाही, असा हिशेब करावा लागतो. मग भाड्याच्या खोल्या, एकाच खोलीत दोघं-तिघं, इटली-जर्मनीतल्या क्लबांसाठी साखळी सामने खेळून मिळालेले पैसे. रॅकेटचं गटिंगसुद्धा हिशेबात धरायचं. अगदीच गुण हवे असतील तर तुर्कस्तानातलं अंताल्या किंवा ट्युनिशियातलं मोनास्तिर. तिथे हॉटेलांच्या आवारात आठवड्यामागून आठवडे एम-१५ स्पर्धा चालतात, प्रेक्षक जवळजवळ नसतात आणि जगभरातले तीनशे ते हजार क्रमांकाचे खेळाडू तिथे मुक्काम ठोकून असतात.

दुसरा भार चलनाचा, आणि याबद्दल फार कमी बोललं जातं. २०११ मध्ये एक डॉलर सुमारे पावणेदोन रेआलला मिळत असे. २०२० मध्ये तोच पाचाच्या वर गेला. खेळाडूचा खर्च डॉलर-युरोत आणि घरची मदत, स्थानिक प्रायोजक, सरकारी शिष्यवृत्ती हे सगळं रेआलमध्ये. २००५ पासून चालू असलेल्या ‘बोल्सा अत्लेता’ या सरकारी योजनेत राष्ट्रीय श्रेणीच्या खेळाडूला २०२४ पर्यंत महिना ९२५ रेआल मिळत होते. म्हणजे दोनशे डॉलरच्या आत. एका खंडाएवढ्या देशात तेवढ्या पैशात देशांतर्गत विमानाचं तिकीटही जेमतेम निघतं.

या दोन्ही भारांवर उतारा एकच असतो: घरच्या स्पर्धा. २०१० च्या आसपास अर्थव्यवस्था जोमात होती, तेव्हा ब्राझीलमध्ये चॅलेंजर भरपूर होत. कांपिनास, सांतोस, साओ पाउलो, ब्लुमेनाउ, ब्राझिलिया. पोराला घरून निघून बसने जाता येई, घरच्यांसमोर खेळता येई. नंतर मंदी आली, सरकारी टपाल खात्याचं प्रायोजकत्व आटलं आणि २०१६ च्या ऑलिंपिकनंतर तर चॅलेंजर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. ज्या देशाने तीन वर्षांत फुटबॉल विश्वचषक आणि ऑलिंपिक भरवलं, त्याच्याकडे तीनशेव्या क्रमांकाच्या टेनिसपटूसाठी दहा आठवड्यांच्या छोट्या स्पर्धा भरवायला पैसे नव्हते. रिओ ओपन मात्र २०१४ पासून (२०२१ सोडून) दर फेब्रुवारीत थाटात होते, क्रिस्तो रेदेंतोरच्या पुतळ्याच्या पायथ्याशी, जॉकी क्लबवर. पण तिथल्या तीन-चार वाइल्ड कार्डांवर, म्हणजे आयोजकांनी क्रमवारी न बघता दिलेल्या प्रवेशांवर, कुणाची कारकीर्द उभी राहत नाही.

वाइल्ड कार्डने दार किलकिलं होतं, एवढं मान्य करायला हवं. २०१६ च्या रिओ ओपनमध्ये ३३८ व्या क्रमांकावरच्या थिआगो मोंतेरोने पहिल्या दहांतल्या त्सोंगाला हरवलं. ईशान्येकडच्या फोर्तालेझाचा हा मुलगा किशोरवयातच घर सोडून दक्षिणेला, गुगाचे गुरू लारी पासोस यांच्याकडे शिकायला गेला होता. त्सोंगाला हरवल्यावर त्याचं नाव झालं, पण तो तारा झाला नाही. २०२२ मध्ये ६१ व्या क्रमांकापर्यंत चढला, पुन्हा घसरला, आणि २०२४ मध्ये माद्रिदला पात्रता फेरीतून येऊन त्याने त्सित्सिपासला सरळ सेटमध्ये हरवलं. आठ वर्षांच्या अंतराने दोन मोठे बळी, आणि मधला सगळा काळ चॅलेंजरच्या कोर्टांवर. मला ही कारकीर्द अपयशी वाटत नाही.

मोंतेरोहून मोठी गोष्ट रोजेरियो दुत्रा सिल्वाची. साओ पाउलोच्या या खेळाडूला सगळे रोजेरिन्यो म्हणतात. २०१२ च्या यूएस ओपनमध्ये दुसऱ्या फेरीत तो जोकोविचसमोर आला आणि ६-२, ६-१, ६-२ असा हरला. पुढच्या वर्षी तिथेच पहिल्या फेरीत त्याने मॅचपॉइंट वाचवत व्हासेक पॉस्पिसिलला पाच सेटमध्ये हरवलं. बक्षीस म्हणून समोर नदाल: ६-२, ६-१, ६-०. २०१८ मध्ये पॅरिसला पहिल्याच फेरीत पुन्हा जोकोविच. सोडतीने या माणसाची जशी थट्टा केली तशी क्वचित कुणाची केली असेल. पण २०१७ च्या जुलैमध्ये, वयाच्या ३३ व्या वर्षी, तो कारकिर्दीतल्या सर्वोच्च, ६३ व्या क्रमांकावर पोचला. ज्या वयात बहुतेकांनी अकादमी काढलेली असते त्या वयात हा चढत होता. त्याच्या सर्व्हिसमध्ये दहशत नव्हती, उंची नव्हती. होते ते पाय आणि चिकाटी. चेंडू परत येतच राहतो, एवढीच प्रतिस्पर्ध्याची तक्रार.

त्याच्या आधीच्या पिढीत पासो फुंदोचा मार्कोस दानिएल होता. चॅलेंजरच्या मातीवर, विशेषतः बोगोटाच्या उंचीवर, त्याचा दबदबा होता. २००९ मध्ये तो ५६ वा आला. जगाला तो दिसला तो नदालपुढेच: २००९ च्या पॅरिसमध्ये चांगली झुंज, आणि २०११ च्या मेलबर्नमध्ये ०-६, ०-५ असताना दुखापतीने माघार. थिआगो आल्वेसने २००८ च्या यूएस ओपनमध्ये फेडररला तिन्ही सेटमध्ये घाम फोडला, ६-३, ७-५, ६-४. दूरदर्शनवर त्यांना अशाच एखाद्या संध्याकाळी पाहिलं जातं, आणि त्या संध्याकाळपर्यंत येण्यासाठी खेळलेले शेकडो सामने कुणीच पाहिलेले नसतात.

स्त्रियांच्या बाजूला तेलियाना परेराची कहाणी आहे. पर्नाम्बुकोच्या कोरडवाहू, दुष्काळी भागातलं कुटुंब पोटासाठी कुरितिबाला आलं. वडील एका टेनिस अकादमीत कामाला लागले आणि मुलं चेंडू उचलता उचलता खेळायला शिकली. गुडघ्याच्या शस्त्रक्रिया झाल्या, पैसे नव्हते, प्रशिक्षक म्हणून भाऊच. २०१५ मध्ये तिने बोगोटाची डब्ल्यूटीए स्पर्धा जिंकली. ब्राझीलच्या स्त्रीने १९८८ नंतर, म्हणजे नीजे दियासनंतर, पहिल्यांदाच असं विजेतेपद मिळवलं होतं. त्याच वर्षी फ्लोरिआनोपोलिसही जिंकून ती ४३ व्या क्रमांकावर गेली. पुढच्या वर्षभरात ती घसरली आणि २०२० मध्ये थांबली. बेआत्रिझ हद्दाद माइया २०२३ मध्ये फ्रेंच ओपनच्या उपांत्य फेरीत पोचली तेव्हा वाट मोकळी झाल्याचं सगळ्यांनी लिहिलं. ती वाट तेलियानाने आधी झाडून ठेवली होती, हे थोड्यांनी.

ज्यांच्यावर सर्वाधिक आशा होत्या ते बरेचदा सर्वांत लवकर थांबले. मासेइओचा तियागो फेर्नांदेस २०१० मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनची मुलांची स्पर्धा जिंकणारा पहिला ब्राझीलियन; कनिष्ठ गटात जगात पहिला. २०१४ मध्ये एकविसाव्या वर्षी त्याने खेळ सोडला आणि शिक्षणाकडे वळला. ओर्लांदो लुझही कनिष्ठ गटात अव्वल होता. एकेरीत तो पहिल्या शंभरात कधी आला नाही, पण दुहेरीत त्याने संसार मांडला. सतराव्या वर्षी ‘पुढचा गुगा’ ठरलेल्या मुलाला एकोणिसाव्या वर्षी मोनास्तिरच्या तिसऱ्या कोर्टवर, रिकाम्या बाकड्यांसमोर, १५६ डॉलरसाठी खेळायला लावणारी ही व्यवस्था आहे. त्यातून तो मागे फिरला तर त्याच्यात धमक नव्हती, असं मी तरी म्हणणार नाही.

या व्यवस्थेची काळी बाजू जोआओ सोझाच्या नावाशी जोडली गेली. ‘फेजाओ’ या टोपणनावाचा हा धिप्पाड खेळाडू २०१५ मध्ये ६९ वा होता. त्या वर्षीच्या मार्चमध्ये ब्युनॉस आयर्सला डेव्हिस करंडकात तो अर्जेंटिनाच्या लिओनार्दो मायरशी ६ तास ४२ मिनिटं लढला आणि पाचव्या सेटमध्ये १३-१५ असा हरला. डेव्हिस करंडकातला हा सर्वांत लांबलेला एकेरीचा सामना. पाच वर्षांनी, जानेवारी २०२० मध्ये, सामनेनिश्चिती केल्याबद्दल त्याच्यावर आजन्म बंदी आली आणि दोन लाख डॉलरचा दंड झाला. चॅलेंजर आणि त्याखालच्या पातळीवरचे सामने, ब्राझीलसह अनेक देशांत; शिवाय इतर खेळाडूंना गळ घालणं आणि पुरावे नष्ट करणं.

देशासाठी पावणेसात तास उभा राहिलेला माणूस पैशासाठी सामने विकतो, हे पचायला जड जातं. गरिबीने त्याला ढकललं, असं म्हणून सोडून देणं सोपं आहे. पण त्याच्याहून कमी कमावणारे शेकडो खेळाडू विकले गेले नाहीत. सोझा दोषीच. मात्र दुसरी बाजूही नोंदवायला हवी. याच छोट्या सामन्यांचे थेट गुण सट्टेबाजीसाठी विकण्याचा पाच वर्षांचा करार महासंघाने एका माहिती-कंपनीशी सुमारे सात कोटी डॉलरना केला होता. २०१८ मध्ये स्वतंत्र चौकशी समितीने सर्वांत खालच्या पातळीवर ही विक्री थांबवावी असं सुचवलं. ज्या सामन्यात खेळणाऱ्याला १५६ डॉलर मिळतात त्यावर जगभर पैजा लागू द्यायच्या आणि मग भ्रष्टाचाराचं नवल करायचं, यात दांभिकपणा आहे.

दुहेरी हा ब्राझीलियनांनी शोधलेला सर्वांत शहाणा मार्ग. बेलो होरिझोंतेचे मार्सेलो मेलो आणि ब्रुनो सोआरेस एकेरीत कुठेच नव्हते. मेलो २०१५ मध्ये दुहेरीत जगात पहिला झाला. सोआरेसने २०१६ मध्ये जेमी मरेबरोबर ऑस्ट्रेलियन आणि अमेरिकन दोन्ही जिंकल्या. २०२३ मध्ये मेलबर्नला मिश्र दुहेरीच्या अंतिम फेरीत लुइझा स्तेफानी आणि राफाएल मातोस यांनी सानिया मिर्झा-रोहन बोपण्णा जोडीला ७-६, ६-२ असं हरवलं. सानियाचा तो शेवटचा ग्रँड स्लॅम सामना असल्याने आपण तिचे अश्रू पाहिले. पलीकडे दोन ब्राझीलियनांनी मिळून पहिल्यांदाच ग्रँड स्लॅम जिंकलं होतं. टोकियोत याच स्तेफानीने लाउरा पिगोसीबरोबर, ऐनवेळी मिळालेल्या प्रवेशावर, टेनिसमधलं ब्राझीलचं पहिलं ऑलिंपिक पदक मिळवलं. कांस्यपदकाच्या सामन्यात निर्णायक टायब्रेकमध्ये त्या ५-९ मागे होत्या. ओळीने सहा गुण घेऊन ११-९ जिंकल्या. पिगोसी तेव्हा एकेरीत शंभराच्या बरीच बाहेर होती.

आता जोआओ फोन्सेका आहे. रिओचा, २००६ मध्ये जन्मलेला, २०२५ मध्ये मेलबर्नला रुब्लेवला हरवणारा, त्याच वर्षी ब्युनॉस आयर्स आणि बासेल जिंकणारा. त्याच्या प्रत्येक सामन्याला पिवळे टी-शर्ट घातलेली गर्दी लोटते. पैसा पुन्हा येतोय आणि पुन्हा तोच शब्द, ‘पुढचा गुगा’, या वेळी कदाचित बरोबर माणसासाठी. त्याआधीच, २०२२ पासून, ओरासियो दे ला पेन्या या माजी खेळाडूच्या पुढाकाराने दक्षिण अमेरिकेत चॅलेंजरची मालिका उभी राहिली आणि ब्राझीलमध्येही आठवडे वाढले. त्याचा परिणाम दिसायला वेळ लागला नाही. २०२३ मध्ये पॅरिसला दुसऱ्या क्रमांकाच्या मेदवेदेवला पाच सेटमध्ये हरवणारा थिआगो सेबोथ वाइल्ड तेव्हा १७२ वा होता आणि पात्रता फेरीतून आला होता. वर्षभरात तो ५८ वर पोचला. एटीपीनेही २०२४ पासून अडीचशेपर्यंतच्या खेळाडूंना किमान उत्पन्नाची हमी दिली आहे: २०२४ मध्ये १७६ ते २५० क्रमांकाला ती ७५,००० डॉलर होती. उशिरा का होईना, बरं झालं. पण अडीचशेच्या पुढे तीही नाही, आणि बहुसंख्य ब्राझीलियन तिथेच आहेत.

माझं मत स्पष्ट आहे. फोन्सेकामुळे आलेला पैसा ब्राझीलच्या महासंघाने दुसरा फोन्सेका शोधण्यात घालवू नये. कुरितिबा, सांतोस, फोर्तालेझा इथे दरवर्षी न चुकता होणाऱ्या चॅलेंजर आणि एम-२५ मध्ये घालावा. घरच्या पंधरा आठवड्यांवर दहा रोजेरिन्यो उभे राहतात, आणि त्यातलाच एखादा कधी पॅरिस जिंकतो.

आपल्याला हे परकं नाही. पुण्याची एटीपी स्पर्धा २०१८ ते २०२३ या काळात, २०२१ सोडून, पाच वेळा बालेवाडीत झाली आणि मग हाँगकाँगला गेली. त्यानंतर २०२४ आणि २०२५ मध्ये तिथे चॅलेंजर झाली. ती पुन्हा भरेल तेव्हा मोठं नाव कोण येतंय याची वाट न पाहता सोमवारपासून जा, पात्रता फेरीही बघा. तिकडे जो दोनशेवा माणूस खेळत असेल, तो जगातल्या आठशे कोटींतला दोनशेवा आहे.